घरच्या ऑडिओ रॅकचे माप चुकते कुठे

महोदय,

अँप्लिफायर, सीडी प्लेअर, टर्नटेबल ठेवायला घरच्या घरी रॅक कसा करावा, यावर आपल्या पुरवणीत मजकूर आला आहे. चार फळ्या, आटे पाडलेल्या चार सळया आणि नट-वॉशर, ही मूळ कल्पना उत्तम आहे. हत्यारे थोडी लागतात, सुतारकामातले सांधे जमत नसले तरी अडत नाही आणि पुढे यंत्र बदलले की फळी वरखाली करता येते. पण त्यातली मापे तशीच उतरवून कोणी साहित्य आणले, तर लाकूड आणि मेहनत दोन्ही वाया जायची. १२ मिमीचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी), १० मिमीच्या सळया, पुढे काचेचे दार, मागे बंद पाठ आणि टर्नटेबलखाली रबर, या पाचही गोष्टींना दुरुस्ती हवी. पत्र जरा लांबले आहे, पण मापांच्या बाबतीत त्रोटक लिहिणे म्हणजे अर्धवट सांगणे.

आधी फळी. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १२ मिमीऐवजी १८ मिमी घेतली की जाडी दीडपट होते, पण ताठपणा जवळजवळ साडेतीनपट. शिवाय प्लायवूड पृष्ठभागाच्या रेषांच्या दिशेने एमडीएफच्या साधारण दुप्पट ताठ असते. पन्नास सेंटिमीटरच्या अंतरावर १५ किलोचा अँप्लिफायर ठेवला, तर १८ मिमी प्लाय एक-दोन दशांश मिलिमीटर वाकते, म्हणजे डोळ्यांना कळतही नाही. त्याच जागी १२ मिमी एमडीएफ पहिल्याच दिवशी मिलिमीटरपेक्षा जास्त बसतो आणि वजन तसेच राहिले की महिनोन्‌महिने हळूहळू आणखी बसत जातो. पार्टिकल बोर्डाची गत याहून वाईट. फळीला असा बाक आला की यंत्राचे चार पाय चार पातळ्यांवर येतात आणि टर्नटेबल असेल तर समतलाचे गणितच कोसळते.

माप घ्यावे ५८० मिमी रुंद आणि ४५० मिमी खोल. पूर्ण आकाराची बहुतेक यंत्रे ४३० ते ४४० मिमी रुंद असतात. सळयांची भोके कडेपासून ४० मिमीवर काढली की दोन सळयांच्या केंद्रांत ५०० मिमी राहतात आणि १६ मिमीच्या सळया वजा जाता आत ४८४ मिमी मोकळी जागा मिळते. यंत्र आत सरकवताना बोटे अडकत नाहीत. काही जण देखणेपणासाठी फळी ५०० मिमीची करतात. मग ४४० चे यंत्र सळयांच्या मधून जातच नाही आणि ते बसवायला रॅक उकलावा लागतो. खोलीचा हिशेब करताना मागच्या पिना आणि केबलची वळणे धरावीत, ती ५० ते ७० मिमी सहज खातात. पाठ उघडी असेल तर ती फळीबाहेर डोकावली तरी बिघडत नाही.

प्लायच्या कापणीत एक गोष्ट हमखास चुकते. पृष्ठभागाच्या रेषा फळीच्या लांब बाजूने, म्हणजे ५८० मिमीच्या दिशेने धावल्या पाहिजेत. २४४० बाय १२२० च्या पूर्ण शीटमधून तशा आठच फळ्या निघतात, आडव्या रेषांच्या मात्र दहा निघतात. कापणारा साहजिकच दहा काढून देतो. आपल्याला चारच हव्या असतील तर अर्धी शीट, म्हणजे १२२० बाय १२२०, पुरते. तीत कोणत्याही दिशेने चारच बसतात, त्यामुळे काटकसरीचा प्रश्न उरत नाही. रेषांच्या दिशेने पेन्सिलीने बाण काढून मगच शीट कापायला द्यावी. उरलेली साधारण ३१० मिमीची पट्टी टाकू नये, तिचे काम पुढे आहे.

आता सळई. मजकुरातला फोटो पाहूनच कळते की तो रॅक वरून बोटाने ढकलला तरी डुलेल. सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो आणि मोजायचा व्यास आट्यांच्या तळाशी उरलेल्या गाभ्याचा. १० मिमीच्या सळईचा गाभा सव्वाआठ मिमीच्या आसपास, १६ मिमीच्या सळईचा साडेतेरा. ताठपणातला फरक सातपटींहून जास्त. दोन फळ्यांमधले अंतर २०० वरून ३०० मिमी केले की डुगडुग तिपटीहून अधिक वाढते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून चार फळ्यांच्या रॅकला १६ मिमीच घ्यावी. दोन फळ्यांचा बुटका रॅक असेल तर १२ चालेल.

उंचीचा एक चालण्याजोगा हिशेब असा. जमिनीपासून पहिल्या फळीच्या बुडापर्यंत ६० मिमी, त्यावर अँप्लिफायरसाठी २७०, मग प्लेअरसाठी १६०, वर आणखी एका यंत्रासाठी १८० आणि सर्वांत वरच्या फळीवर टर्नटेबल. १८ मिमीच्या चार फळ्या धरून वरच्या फळीचा माथा ७४२ मिमीवर येतो. सळई ७५० मिमीची कापावी. सळया एक मीटरच्या मिळतात, त्यामुळे तुकडा वाया जातो खरा, पण लांब सळई तशीच वर ठेवली की ती टर्नटेबलच्या झाकणाला आडवी येते.

साहित्य मोजून आणावे. साधे षटकोनी नट ३२, घुमटाच्या आकाराचे बंद नट ८ आणि वॉशर ३२. वॉशर साधे नकोत, ५० मिमी व्यासाचे मोठे हवेत. साधा वॉशर प्लायच्या पृष्ठात रुतून बसतो आणि नट कसून आवळला तरी काही दिवसांनी ढिला होतो. मिश्र कंपनीचे नट घेऊ नयेत. प्रत्येक नट दुकानातच सळईवर दोन इंच फिरवून पाहावा. जाड मुलाम्याच्या सळईवर काही नट अडतात आणि घरी आल्यावर पाना घेऊन झगडावे लागते. नट आणि सळई दोन्ही स्टेनलेस स्टीलची असतील तर आट्यांना जरासे ग्रीस लावलेच पाहिजे. कोरड्या स्टेनलेसचे आटे वेगाने फिरवताना एकमेकांत चिकटतात आणि मग नट ना पुढे जातो ना मागे, कापूनच काढावा लागतो.

सळई कापण्याची रीत साधी आहे, पण क्रम मोडला की तास वाया जातो. कापण्याच्या खुणेच्या पलीकडे, राहणाऱ्या भागावर, आधी एक नट चढवून ठेवावा. शिकंज्यात सळई थेट धरू नये, आटे चेपतात. दोन लाकडी तुकड्यांत धरावी. बारीक दातांच्या हॅक्सॉने कापल्यावर टोकाला धातूची कोर राहते. ती कानशीने तिरकी घासून काढावी, म्हणजे टोक किंचित निमुळते होते. आता आत चढवलेला नट उलटा फिरवत त्या टोकावरून बाहेर काढावा. टोकाशी चेपलेले आटे तो सरळ करून निघतो. नट आधी न चढवता कापले तर कोऱ्या टोकावर तो तिरका धरतो आणि पहिल्याच फेऱ्यात आटा मारला जातो. कापलेले टोक उघडे लोखंड असते. त्याला गंजरोधक रंगाचा एक हात द्यावा.

भोके हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. चारही फळ्या एकावर एक ठेवून कडा गुण्याने जुळवाव्यात आणि शिकंज्यांनी आवळाव्यात. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेवर बाण आणि क्रमांक घालावा. ही खूण नसली की फळी नंतर उलटी किंवा फिरवून बसवली जाते आणि भोके दोन मिलिमीटरनी हुकतात. मग ५ मिमीच्या लांब बिटाने चौघींतून आरपार मार्गदर्शक भोक पाडावे, खाली टाकाऊ लाकूड ठेवून. चार फळ्यांची जाडी ७२ मिमी होते. ड्रिल फक्त एक अंश कलले तरी खालच्या फळीवर भोक सव्वा मिलिमीटर सरकते. म्हणून काटकोनात भोक असलेला लाकडी ठोकळा किंवा ड्रिल स्टँड वापरावा. नंतर फळ्या सुट्या करून प्रत्येकीचे भोक १८ मिमीच्या चपट्या बिटाने मोठे करावे. अर्धे वरून, अर्धे खालून. एकाच बाजूने आरपार गेले की बाहेर पडताना बिट वरचा पातळ थर उपसून काढते आणि तो तुटका भाग ५० मिमीच्या वॉशरखालीही पूर्ण झाकला जात नाही. १६ मिमीच्या सळईला १८ मिमीचे भोक म्हणजे चारी बाजूंनी एक मिलिमीटर सैल. हा सैलपणा मुद्दाम ठेवायचा, कारण सळई फळीत घट्ट बसवून ताठपणा येत नाही. तो येतो दोन वॉशरांमध्ये फळी आवळल्याने. १६ चेच भोक पाडून सळया हातोड्याने ठोकणाऱ्यांच्या फळ्या भोकापाशी चिरतात आणि आटेही भुसा खाऊन बसतात.

रंग किंवा पॉलिश जोडणीपूर्वी करावे आणि पूर्ण वाळू द्यावे. भोकांच्या आतल्या कडेला आणि चारही काठांना एक हात जास्त द्यावा, ओल तिथूनच शिरते. ओल्या रंगावर वॉशर आवळला तर तो चिकटतो आणि पुढे उंची बदलताना पृष्ठासकट निघतो.

जोडणीचा क्रम. १६ मिमीच्या आट्याचा एक फेरा म्हणजे दोन मिलिमीटर. नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायचा तर पावणेचारशे फेरे. १६ मिमीची सळई घरगुती ड्रिलच्या १३ मिमी चकमध्ये मावत नाही, त्यामुळे यंत्राची मदतही नाही. म्हणून खालच्या दोन फळ्यांचे नट खालच्या टोकाने आणि वरच्या दोन फळ्यांचे वरच्या टोकाने चढवावेत. सुरुवात खालून दुसऱ्या फळीपासून करावी, मग पहिली, त्यानंतर सांगाडा उभा करून तिसरी आणि चौथी. फळीखालचे चार नट एका उंचीवर आणायला मोजपट्टी घेऊन बसू नये. हव्या उंचीची एक लाकडी काठी कापावी आणि प्रत्येक सळईपाशी ती उभी धरून नट तिच्या माथ्याला टेकवावा. चारही कोपरे अर्ध्या मिनिटात जुळतात. मग फळी, वॉशर, वरचा नट. वरचा नट आवळताना खालचा दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, नाहीतर दोन्ही एकत्र फिरून उंची हलते.

बंद नटांचा एक धोका आहे. त्यांची पोकळी ठरावीक खोल असते. वरच्या वॉशरच्या वर सळई १५ मिमीहून जास्त निघाली तर तिचे टोक घुमटाच्या तळाला टेकते, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि फळी मात्र सैलच राहते. वरची फळी हलते आहे आणि सगळे नट तर आवळलेले आहेत, अशी तक्रार आली की कारण बहुधा हेच. खालच्या टोकाला बंद नट पाय म्हणून लावायचा आणि त्याच्या वर एक साधा नट उलटा आवळून तो जागीच कुलूपबंद करायचा. जमीन असमान असेल तर एखादा पाय पाव फेरा फिरवला की अर्धा मिलिमीटर उंची मिळते.

एवढे करूनही अँप्लिफायरच्या २७० मिमीच्या उंच कप्प्यात आडवी लचक थोडी राहतेच. इथे ती उरलेली पट्टी कामाला येते. तिच्यातून २७० मिमी उंचीचे दोन तुकडे काढावेत, एक २०० मिमी रुंद आणि एक १५० मिमी. पहिला मागच्या बाजूने, दुसरा बगलेने, असे एकाच मागच्या कोपऱ्यात काटकोनात उभे करावेत. वरखालच्या फळ्यांतून ३ मिमीची भोके पाडून ४ बाय ५० मिमीच्या स्क्रूंनी आणि लाकडाच्या गोंदाने पक्के करावेत. त्या कप्प्याची उंची मग बदलता येत नाही, हा तोटा. पण डुलणे दोन्ही दिशांनी जवळपास थांबते आणि बाकीचे कप्पे मोकळेच राहतात. संपूर्ण पाठ ठोकण्याची गरज नाही.

कारण पाठ बंद केली की पुढचा प्रश्न हवेचा. मजकुरातले काचेचे दार आणि बंद पाठ म्हणजे अँप्लिफायरसाठी पेटीच. आतल्या मंडलाच्या पद्धतीवरून अँप्लिफायरचे वर्ग पडतात. नेहमीचा एबी वर्गाचा अँप्लिफायर गाणे चालू नसतानाही गरम राहतो, ए वर्गाचा तर शांत असताना सर्वांत जास्त तापतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या भागाचे) आयुष्य तापमान दर दहा अंश सेल्सियसने वाढले की साधारण निम्मे होते, हा विद्युत कारागिरांचा जुना आडाखा आहे. वरच्या जाळीपासून किमान १०० मिमी मोकळे ठेवावेत आणि दोन यंत्रे एकमेकांवर रचू नयेत. ए वर्गाचे यंत्र असेल तर त्याच्यावर फळीच नको, ते वरच्या फळीवर किंवा स्वतंत्र स्टुलावर ठेवावे. कपाटातच बसवणे भाग असेल तर एक छिद्र पुरत नाही. खाली थंड हवा शिरायला एक आणि वर गरम हवा निघायला एक, अशा दोन्ही बाजूंना वाटा हव्यात.

ग्रॅनाइटच्या फळ्यांचाही मोह अनेकांना होतो. २० मिमीचा या मापाचा एक तुकडा सुमारे १४ किलोचा होतो. चार घातले तर पन्नास किलोंहून जास्त, तेही बारीक पायांवर. प्लेअर आणि अँप्लिफायरच्या आवाजात त्याने सुधारणा होते यावर माझा विश्वास नाही. ज्या यंत्रात सुई नाही त्याला रॅककडून ताठपणा, हवा आणि केबलला वाट एवढेच हवे असते.

टर्नटेबलची गोष्ट निराळी, आणि रबराच्या सल्ल्याबद्दल खास लिहायला हवे. कोणत्याही लवचीक आधारावरच्या वजनाची उसळी किती वेगाने होईल हे तो आधार वजनाने किती दबतो यावरून निघते. १५.८ ला दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागायचे. रबराची चकती एक मिलिमीटर दबली तर उसळी जवळपास १६ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १६ वेळा. ५ हर्ट्झवर आणायची तर आधार १० मिलिमीटर दबला पाहिजे. आणि आधार कंप अडवू लागतो तो या आकड्याच्या साधारण १.४ पटीपासून पुढेच. त्याखाली तो अडवत नाही, उसळीच्या जवळपास तर उलट वाढवतो. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (दांड्याच्या टोकाचा, सुई धरणारा भाग) यांची स्वतःची डुलण्याची जागा चांगल्या जोडीत ८ ते १२ हर्ट्झमध्ये असते. पावलांचा हिसकाही याच खालच्या टापूत येतो. अर्धा मिलिमीटर दबणाऱ्या रबराने पावलांपासून संरक्षण होईल, ही आशा म्हणूनच व्यर्थ. स्पीकरच्या वरच्या कंपांना त्याचा थोडा उपयोग होतो, एवढेच.

भक्कम काँक्रीटच्या स्लॅबवर पावलांचा त्रास सहसा नसतोच. लाकडी किंवा लवणाऱ्या जमिनीवर असतो आणि तिथे सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे टर्नटेबल रॅकवर न ठेवता भक्कम विटांच्या किंवा दगडी भिंतीवर ब्रॅकेट ठोकून ठेवणे. तपासायची रीत सोपी आहे. मोटर बंद ठेवून थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवावी, आवाज अगदी हळूहळू वाढवावा आणि फळीवर बोटाने टकटक करावी. एक बोथट ठोका ऐकू आला तर ठीक. ठोक्यानंतर घुमारा उरत असेल किंवा वाढत जात असेल तर ताबडतोब आवाज कमी करावा, नाहीतर वूफरचा पडदा जायचा. स्पीकर त्याच रॅकवर ठेवले असतील तर कारण शोधण्याची गरजच नाही.

आता स्पीकरमधून येणारी विजेची गुणगुण. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या नेहमीच्या कार्ट्रिजचा संदेश ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो, सीडी प्लेअरचा दोन व्होल्टचा. पाचशेपट अंतर. त्यामुळे प्लेअरला ट्रान्सफॉर्मरजवळ काहीच जाणवत नाही आणि कार्ट्रिजला लगेच जाणवते. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते, अंतर दुप्पट केले की सुमारे आठवा हिस्सा उरतो. वर दिलेल्या मांडणीत अँप्लिफायर तळाला आणि टर्नटेबल माथ्यावर आहे ते यासाठीच. बहुतेक टोनआर्म उजवीकडे असतात. अँप्लिफायर उचलताना जी बाजू जड लागते तिकडे ट्रान्सफॉर्मर असतो. तो उजवीकडेच असेल आणि गुणगुण राहत असेल तर मधला एक कप्पा आणखी उंच करावा. विजेच्या केबल एका सळईच्या बाजूने आणि संदेशाच्या दुसऱ्या बाजूने उतरवाव्यात. एकमेकींना ओलांडायचे असेल तेव्हा काटकोनात. प्लगबोर्ड जमिनीवर न टाकता तळच्या फळीच्या मागच्या काठाला स्क्रूने बसवावा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो कोणीही मानू नये. यंत्रात बिघाड होऊन त्याच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर तीच पिन माणसाला वाचवते.

जड यंत्र तळाला असले तरी ४५० मिमी खोलीच्या रॅकची उंची ९०० मिमीपलीकडे नेऊ नये. घरात चढाऊ मुले असतील तर मागच्या दोन सळया भिंतीला पट्टीने बांधाव्यात.

शेवटी आवळणी. प्लाय वॉशरखाली पहिल्या काही दिवसांत किंचित दबते. आठवड्याने सगळे नट एकदा आवळावेत, महिन्याने पुन्हा. अँप्लिफायरच्या कप्प्यातले आधी, कारण उष्णतेने तिथले लाकूड सुकते आणि नट तिथेच सर्वांत लवकर ढिले पडतात. प्रत्येक आवळणीनंतर पाणसळ फळीवर न ठेवता टर्नटेबलच्या फिरत्या थाळीवर ठेवावी, एकदा पुढून मागे आणि एकदा डावीकडून उजवीकडे, आणि फरक दिसल्यास वरच्या फळीचे नट पाव-पाव फेऱ्याने सरकवावेत.

आपला नम्र,
एक वाचक